काचेतला समुद्र

जर्मनी, इंग्लंड, अमेरिका अशा देशांत काही हौशी माणसे आपल्या दिवाणखान्यात एक लहानसा समुद्र बाळगतात. तीनचार हात लांबीची काचेची पेटी, तिच्यात मोजून मीठ मिसळून तयार केलेले खारे पाणी, तळाशी पांढरी वाळू, आणि मध्यभागी भोकाभोकांचे खडक. त्या खडकांवर जांभळी, हिरवी, केशरी अशी फुले उमललेली दिसतात. पाण्याचा प्रवाह आला की ती डुलतात, आणि बोट लागले की चटकन मिटतात. ती फुले नव्हेत. ते प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचे जीव आहेत. चुन्याचे घर बांधून त्यात ते राहतात. उष्ण समुद्रांतील बहुतेक प्रवाळांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शैवाल वाढते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. घरभाडे देण्याची ही रीत मोठी सोयीची आहे.

प्रवाळ पाहण्यासाठी परदेशीच जायला हवे असे नाही. आपल्या मालवणच्या समुद्रातही ते आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोहणाऱ्यांनी ते पाहिलेले असतात, आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. मात्र आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. समुद्रातून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे, आणि तसा तो असावा हेच योग्य. परदेशांतील अनेक शौकीन पेटीतच वाढलेल्या प्रवाळांचे तुकडे एकमेकांना देतात व त्यांवर आपला समुद्र उभा करतात.

अशी पेटी पाहणाऱ्याला वाटते, की मासे सोडले, दिवा लावला, दोन चिमटी खाद्य टाकले की झाले. खरी अडचण पुढेच आहे. मासा खातो आणि मलमूत्रही टाकतो. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते. त्यातून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. खुल्या समुद्रात त्याची कोणाला खबरही लागत नाही, कारण तेथे पाण्याला अंत नाही. पण पेटीत पाणी दोनतीनशे लिटर. त्यातच जेवायचे, त्यातच श्वास घ्यायचा, आणि त्यातच घाण टाकायची! शिवाय खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात अमोनियाचा विषारीपणा वाढतो. गोड्या पाण्यातील मासा जी चूक सोसून नेतो, तीच चूक येथे प्राणावर बेतते.

ही अडचण पहिल्यांदा ज्यांना भेडसावली, त्यांत इंग्लंडमधील ॲना थिन या बाई होत्या. १८४६ साली टॉर्की या गावच्या किनाऱ्यावर त्यांना थंड पाण्यातले, एकेकटे वाढणारे पोवळे सापडले. ते लंडनला न्यायचे होते. वाटेत हिसके बसून जीव दुखावू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजावर टाचले, आणि खाऱ्या पाण्याच्या भांड्यातून घरी आणले. पण लंडनला समुद्र कोठून आणणार? जवळचे पाणी थोडके. ते शिळे झाले की जीव मरणार, हे उघड होते. तेव्हा बाईंनी एक उपाय काढला. उघड्या खिडकीसमोर उभे राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात, पुन्हा त्या भांड्यातून या भांड्यात ओतीत राहायचे. चहा निवविण्यासाठी आपण कपबशीत जसा वरखाली करतो, तसेच. हे काम घरच्या मोलकरणीकडे आले. रोज अर्धा ते पाऊण तास ती पाणी ओतीत असे. पुढे बाईंनी पाण्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या. ते पोवळे सुमारे तीन वर्षे जगले. बाईंचे नाव शास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले. मोलकरणीच्या दुखऱ्या दंडांचा मात्र कोणी विचार केला असेल असे वाटत नाही.

पाणी ओतल्याने त्यात हवा मिसळते, हे त्या बाईंना ठाऊक होते. परंतु भांड्यात आणखीही कोणी राबत होते, ते त्यांना दिसणे शक्य नव्हते. खडकावर, वाळूच्या कणांवर, भांड्याच्या कडेला सूक्ष्म जीवाणू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइट हेही विषच. मग दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळसे निरुपद्रवी असते. या दोन पायऱ्यांसाठी जीवाणूंना प्राणवायू लागतो. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे जीवाणू वेगळे करून दाखविले. नव्या पेटीत ही वस्ती बसायला बहुधा चारसहा आठवडे लागतात, म्हणून जाणता माणूस तोवर मासे आणीत नाही. उतावळा माणूस पहिल्याच दिवशी आणतो, आणि आठवड्याच्या आत ते गमावतो.

या जीवाणूंना भरपूर जागा द्यावी आणि पाण्यातला गाळही अडवावा, अशा दुहेरी हेतूने जी साधने निघाली, त्यांतले एक म्हणजे कॅनिस्टर फिल्टर, अर्थात डब्याची गाळणी. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत अशी यंत्रे बनू लागली. पेटीखालच्या कपाटात झाकण घट्ट बसविलेला एक उंच डबा असतो. एका नळीने पेटीतले पाणी त्यात उतरते, आणि झाकणातला विजेचा पंप दुसऱ्या नळीने ते परत वर पाठवितो. दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असल्यामुळे उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते. मोटेसारखे सगळे ओझे पंपाला ओढावे लागत नाही, म्हणून लहानसा पंपही पुरतो. डब्यात थर असतात. जाड स्पंज मोठा गाळ अडवितो, कापसासारखा मऊ थर बारीक कण धरतो, आणि भाजलेल्या मातीची सच्छिद्र कडी जीवाणूंचे घर होतात. पाण्यातला पिवळेपणा जावा म्हणून कोणी कोळशाची पुरचुंडीही ठेवतात.

गोड्या पाण्यातील मासे पाळणाऱ्यांना हा डबा वरदान वाटला. आवाज नाही, पसारा नाही, पाणी आरशासारखे. साहजिकच प्रवाळ पाळणाऱ्यांनीही तो आणून बसविला. काही महिने सारे छान चालते. मग खडकांवर शेवाळाची पुटे चढू लागतात, प्रवाळांचे रंग विटून तपकिरी होतात, आणि मालकाला कळेना की पाणी इतके नितळ असताना बिघडले काय!

बिघडलेले असते ते कपाटाच्या दाराआड. आपण चहा गाळतो आणि चोथा टाकून देतो. समजा तो टाकलाच नाही, आणि तोच चहा दिवसभर त्याच चोथ्यातून पुन्हा पुन्हा गाळीत राहिलो, तर काय होईल? डब्यात नेमके हेच घडते. अडलेली घाण दिसेनाशी होते, पण पाण्याबाहेर जात नाही. ती तेथेच कुजते, जीवाणू इमानाने तिचे नायट्रेट करतात, आणि पंप ते इमानाने वर पोचवितो. माशाला थोड्याफार नायट्रेटचे काही वाटत नाही. प्रवाळाचे तसे नाही. तो ज्या स्वच्छ समुद्रात वाढला, तेथे लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही पुष्कळ कमी नायट्रेट असते. ते वाढले की त्याच्या अंगातले शैवाल बेसुमार माजते, आणि बाहेरचे शेवाळ त्याच्या अंगावर चढते. भाडेकरूने घरमालकालाच अडगळीत टाकावे, तसा हा प्रकार होतो.

यावर तोड सापडली ती यंत्रात नव्हे, दगडात. इंडोनेशियातील जाकार्ता शहरचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत खडक, त्यांवरील सर्व जीवांसकट पेटीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि बाकी काम निसर्गावर सोपवायचे. अशा खडकाच्या पृष्ठभागावर प्राणवायू घेणारे जीवाणू राहतात. पण आतल्या खोल छिद्रांत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे वेगळीच जात असते. ती नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेते, आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने हवेत निघून जातो. डब्यातली कडी जे काम अर्ध्यावर सोडतात, ते खडक शेवटास नेतो. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी याला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. बुडबुड्यांना चिकटून आलेली घाण फेसाबरोबर एका वाटीत साठते, ती ओतून टाकता येते. कुजण्याआधीच घाण पाण्याबाहेर!

मग डबा फेकून द्यावा काय? या प्रश्नावर या छंदातली माणसे आजही हमरीतुमरीवर येतात. मला वाटते, दोष डब्याचा नाही. कपाटाचे दार लावले की तो विसरला जातो, हे त्याचे खरे दुखणे. ज्याच्या पेटीत चांगला खडक आहे, त्याने डब्याकडून कोळसा आणि बारीक गाळ एवढेच काम घ्यावे, आणि आठवड्याला तो उघडावा. मऊ थर बदलावा. स्पंज आणि कडी धुवायची ती पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत हलक्या हाताने. नळाखाली धरली तर नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारते. लख्ख धुतलेली गाळणी ही मेलेली गाळणी असते. नवख्याला हे सांगून पटत नाही, कारण आपल्या घरी लख्ख म्हणजे चांगले.

आणखी एक भय आहे, ते वीज जाण्याचे. पंप थांबला की बंद डब्यात नवे पाणी येत नाही. आतले असंख्य जीवाणू उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवितात, मग स्वतःच मरू लागतात, आणि त्या पाण्याला सडक्या अंड्यासारखी घाण येते. वीज आली, पंप आपोआप सुरू झाला, तर ते सारे विष एका दमात पेटीत शिरते. म्हणून वीज बराच वेळ आली नाही, तर अनुभवी माणूस प्रथम डब्याची तार काढतो. परत जोडण्यापूर्वी तो झाकण उघडून वास घेतो, आणि आतले पाणी मोरीत ओतून देतो.

तोवर पेटीतले जीव गुदमरू लागलेले असतात. घरात अंधार, पंप मुके. अशा वेळी तो स्टूल ओढतो, हातात तांब्याएवढे भांडे घेतो, पेटीतले पाणी भरून उंचावरून पुन्हा पेटीत ओततो. पुन्हा भरतो, पुन्हा ओततो. अर्धा तास होतो, पाऊण तास होतो, दंड भरून येतात. खिडकी उघडी असली तर बरे.