चित्रकथांचे संपादक अनंत पै

एखाद्या सोप्या प्रश्नाचें उत्तर आपणांस आलें नाहीं, तर वडील मंडळी बहुधा आपणांसच दोष देतात. परंतु असा एक प्रश्न अनुत्तरित राहिलेला पाहून ज्यांनीं स्वतःच कंबर कसली, त्या अनंत पै यांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म १९२९ सालीं कर्नाटकांतील कारकळ येथें झाला. २ वर्षांचे असतांनाच ते मातापित्यांच्या छत्रास मुकले. वयाच्या १२ व्या वर्षीं ते मुंबईस आले व पुढें तेथील विद्यापीठांत त्यांनीं रसायनशास्त्राचें शिक्षण घेतलें. मनाची ओढ मात्र लेखनाकडे होती. १९५४ सालीं त्यांनीं ‘मानव’ नांवाचें मुलांचें मासिक काढलें. तें चाललें नाहीं. त्यानंतर टाइम्स ऑफ इंडियाच्या ग्रंथविभागांत नोकरी करीत असतां, १९६४ सालीं तेथून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या निमित्तानें चित्रकथेचा व्यवसाय त्यांस जवळून पाहावयास मिळाला.

१९६७ सालीं दिल्लींत त्यांनीं दूरचित्रवाणीवर मुलांची एक प्रश्नोत्तर-स्पर्धा पाहिली. ग्रीक पुराणांवरील प्रश्नांचीं उत्तरें स्पर्धकांनीं दिलीं. रामाच्या आईचें नांव मात्र कोणास सांगतां येईना! ही गोष्ट पै यांच्या मनास लागली. त्याच वर्षीं इंडिया बुक हाउस या संस्थेतर्फें ‘अमर चित्रकथा’ ही माला निघाली व पै तिचे संपादक झाले. मालेंतील भारतीय कथांचा आरंभ ‘कृष्ण’ या पुस्तकानें झाला. त्याचें लेखन पै यांचें व चित्रें राम वाईरकर यांचीं होतीं.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. मोठी कथा बहुधा ३२ पानांत बसवावयाची. काय ठेवावें, काय गाळावें, हें ठरवावयाचें. आणि चित्र जें सांगतें तें शब्दांनीं पुन्हां सांगावयाचें नाहीं. अशीं ४०० हून अधिक पुस्तकें या मालेंत निघालीं व तीं मराठीसह अनेक भाषांत वाचलीं गेलीं. १९८० सालीं पै यांनीं ‘टिंकल’ हें मुलांचें नियतकालिक सुरू केलें, आणि ते हजारों बालकांचे ‘अंकल पै’ झाले.

या मालेवर टीकाहि झाली. सज्जन गोरे व दुर्जन काळे रंगविले जातात, स्त्रियांच्या कथांना पुरेसें स्थान मिळत नाहीं, असे आक्षेप विद्वानांनीं घेतले. ते विचारांत घेण्याजोगे आहेत. कारण बालपणीं पाहिलेलें चित्र मनांतून सहसा पुसलें जात नाहीं. म्हणून चित्रकथा आवडीनें वाचावी, पण तेवढ्यावर न थांबतां मूळ ग्रंथाकडेहि वळावें.

२४ फेब्रुवारी २०११ रोजीं मुंबईंत पै यांचें निधन झालें. पहिलें मासिक बंद पडलें तेव्हां ते खचले असते, तर पुढील कार्य घडलें नसतें. पालकांनींहि येथें एक बोध घ्यावा: मुलास अमुक ठाऊक नाहीं असें म्हणण्यापूर्वीं, तें त्याच्या हातीं आपण कधीं दिलें होतें काय, हें स्वतःस विचारावें.