पत्त्यांच्या डावात संशय आला तर...

सुरुवातीलाच दोन कबुल्या देतो. एक, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. दुसरी, हा लेख कॅसिनोतल्या पोकरवर आहे आणि मी कॅसिनो आतून पाहिलेला नाही. गोव्यात आत सोडायला वय २१ लागतं. मी २० चा. पण माझा मावसभाऊ पणजीला मांडवी नदीतल्या एका बोटीवर पोकरच्या टेबलाचा डीलर आहे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत सावंतवाडीला मावशीकडे त्याच्याशी दोन रात्री बोललो. पुढचं बरंचसं त्याचं आहे.

त्याच्याकडे हा विषय काढायचं कारण म्हणजे आमची कोजागिरी. रेक्टर सरांनी हा परिच्छेद कृपया गाळून वाचावा. हॉस्टेलच्या गच्चीवर मसाला दूध झालं आणि आम्ही सहा जण तीन पत्तीला बसलो. बूट एक रुपया. अकराच्या सुमारास माझ्या रूम पार्टनरला एक्क्यांची ट्रेल लागली. सगळ्यांनी आरडाओरडा केला, टाळ्या वाजल्या. दोनच्या सुमारास त्यालाच सत्त्यांची ट्रेल लागली, आणि त्या वेळी पत्ते त्यानेच पिसले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पिसलेस पण तूच ना रे?" तो काही बोलला नाही. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि खाली गेला. पॉटमध्ये ४३ रुपये होते. ते कुणीच उचलले नाहीत. सेमिस्टर संपल्यावर त्याने रूम बदलली.

हे सगळं भावाला सांगितलं. तो मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं, पण त्याने एकच प्रश्न विचारला, "तुका दिसला काय?" म्हणजे डोळ्यांनी काय दिसलं? मी म्हटलं, दिसलं काही नाही, पण वाटलं. तो म्हणाला, "दिसला ता बोल. वाटला ता टेबलार नको." त्यांच्या धंद्यात तक्रार कशी करायची याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा होता! १९७६ साली केलेला. पण तो कधी अमलातच आणला नाही आणि शेवटी २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच, पण त्यांनी १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि मग पाण्यातल्या जहाजांवर टेबलावरचे खेळ सुरू करायची वाट काढली. म्हणून ते बोटीवर. मोबाईलवर पैसे लावून खेळायचं म्हणाल, तर ते २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलं.

आता पोकर. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली आणि मध्ये पाच पानं सगळ्यांची, उघडी. डीलर स्वतः खेळत नाही, फक्त वाटतो आणि खेळ चालवतो. प्रत्येक पॉटमधून कॅसिनो थोडी रक्कम काढून घेतो, तिला रेक म्हणतात. इथे एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. रूलेटमध्ये कुणी लबाडी केली तर पैसे कॅसिनोचे जातात. पोकरमध्ये लबाडी झाली तर पैसे शेजारच्या खेळाडूचे जातात, कॅसिनोचा रेक तेवढाच राहतो. म्हणजे कॅमेरे कितीही असले तरी ज्याचा खिसा कापला जातोय तो टेबलावरच बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा पहिली शंका त्यालाच येते. त्यामुळे त्याने नीट तक्रार करणं हा खेळाचाच भाग आहे.

भाऊ म्हणतो, नियम मोडणाऱ्यांपैकी बरेच जण लबाड नसतात, नवीन असतात. उदाहरणार्थ स्ट्रिंग बेट. एक जण ५०० चे चिप्स पुढे सरकवतो, समोरच्याचा चेहरा बघतो आणि मग परत हात मागे नेऊन आणखी हजार आणतो. हे चालत नाही. एकतर आकडा आधी तोंडाने सांगायचा, नाहीतर सगळे चिप्स एकाच हालचालीत पुढे करायचे. पण सिनेमात हीरो नेमकं उलट करतो, त्यामुळे पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण तसंच करतो. तुम्हाला ते दिसलं तर तिथल्या तिथे डीलरला म्हणायचं, "डीलर, ही एक हालचाल होती का?" त्या माणसाकडे बघायचंही नाही. बोललात डीलरशी, बोललात हालचालीबद्दल. कुणी चोर ठरला नाही.

डीलर आणि खेळाडू यांचं जमलं नाही तर फ्लोअर मॅनेजरला बोलवायचं. त्याचा निर्णय शेवटचा. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. पहिली वेळेची. पुढच्या डावाची पानं वाटायला सुरुवात झाली की मागच्या पॉटबद्दलचा वाद संपला. रात्रभर विचार करून सकाळी तक्रार केली तर त्या पॉटचं काही होत नाही. दुसरी गोष्ट, आपली पानं हातातून सोडायची नाहीत. भावाच्या टेबलावर एकदा एक गृहस्थ तावातावाने उठले आणि "हे काय चाललंय" म्हणत त्यांनी पानं फेकली. ती टाकलेल्या पानांच्या ढिगात गेली. त्यांची शंका बरोबर होती, डीलरकडूनच चूक झाली होती, पण ढिगातून त्यांची पानं ओळखणार कशी? हात बाद.

(सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात. गोल पानं, दशावतारी संचात १२०. सगळी हाताने रंगवलेली. त्यातल्या एखाद्या पानाच्या पाठीवर नखाचा ओरखडा पडला की ते जन्मभर ओळखू येणार. खूण केलेल्या पत्त्यांची भीती फार जुनी असणार, असं मला ती पानं बघताना वाटलं.)

खरी अवघड गोष्ट म्हणजे संगनमत. दोन मित्र अनोळखी असल्यासारखे बसतात. एकाकडे चांगलं पान असलं की दोघं मिळून बोली वाढवतात, मधला माणूस भरडला जातो. पण दोघंच उरले की एकमेकांवर पैसे लावत नाहीत. यात डोळ्यांना दिसण्यासारखं जवळजवळ काही नसतं, सगळं 'वाटणं'च असतं. यासाठी एक जुना हक्क आहे. 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर' नावाची नियमावली बऱ्याच ठिकाणी आधार मानतात. त्यानुसार शेवटच्या बोलीपर्यंत टिकलेल्याची पानं, तो न दाखवता हरला तरी, त्या डावात बसलेला कुणीही बघायला मागू शकतो. पण सारखं सारखं मागितलं तर हा हक्क काढून घेतात. आणि गंमत म्हणजे जिंकणाऱ्यानेच हरलेल्याची पानं मागितली, तर ती परत जिवंत होतात, चांगली निघाली तर पॉट तिकडे जातो!

त्याहून पुढची शंका असेल तर टेबलावर बोलायचंच नाही. किती वाजता, कोणत्या खुर्चीवरचे दोघं, कोणता डाव, एवढं लक्षात ठेवायचं, विश्रांतीच्या निमित्ताने उठायचं आणि फ्लोअर मॅनेजरला बाजूला गाठायचं. ते रेकॉर्डिंग बघतात. शंका खोटी ठरली तर कुणाच्या नावाला डाग नाही, खरी असली तर ते दोघं सावध झालेले नाहीत. तुम्हाला निकाल कळेलच असं नाही. पटत नसेल तर चिप्स उचला आणि जेवायला जा, खुर्चीला कुणी बांधलेलं नसतं.

हे न पाळल्यावर काय होतं ते २९ सप्टेंबर २०२२ ला अमेरिकेत सगळ्यांनी थेट प्रक्षेपणात पाहिलं. लॉस एंजेलिसजवळच्या हसलर कॅसिनोत गॅरेट अॅडेलस्टीन या नावाजलेल्या खेळाडूने सगळे चिप्स पुढे केले. समोर रॉबी जेड ल्यू, तुलनेने नवीन. तिच्या हातात किलवरचा गुलाम आणि बदामची चौकी, म्हणजे काहीच नाही. तरी तिने १,०९,००० डॉलर लावून बोली स्वीकारली आणि २,६९,००० डॉलरचा पॉट जिंकला. गॅरेटचं पान तेव्हा अर्धवटच होतं, त्यामुळे तिचा गुलाम पुढे होता! त्याला वाटलं तिला पानं कळली. मग टेबलापासून बाजूला दोघांचं बोलणं झालं आणि तिने १,३५,००० डॉलर परत दिले. दबाव होता असं ती म्हणाली, त्याने ते नाकारलं. डिसेंबरमध्ये आयोजकांनी नेमलेल्या चौकशीचा निष्कर्ष आला की फसवणुकीचा पुरावा नाही. पण पैसे आधीच फिरले होते, आणि तोवर अर्धं जग तिला चोर म्हणून मोकळं झालं होतं. गॅरेटची शंका मला समजते. मीही घेतली असती. पण आधी हिशोब मिटवायचा आणि नंतर चौकशी करायची, हा क्रम काही पटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. पण सभापर्वातली एक बारीक गोष्ट मला भावामुळे कळली. पैसा दुर्योधन लावणार आणि फासे शकुनी टाकणार. पोकरमध्ये हे साफ बाद, एका हाताला एकच खेळाडू. युधिष्ठिरालाही ते खटकलं. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं बरोबर नाही असं तो म्हणालाही. आणि मग बसला खेळायला! म्हणजे आक्षेप घेतला आणि लगेच पुढचा डाव वाटू दिला. शिवाय आक्षेप घेतला तो समोरच्याच पक्षाकडे. फ्लोअर मॅनेजरच्या जागी होता धृतराष्ट्र, आणि तो तर मुलाच्या बाजूचा. विकर्ण बोलला, पण तोपर्यंत द्रौपदी पणाला लागली होती.

गच्चीवर आमच्याकडे डीलरही नव्हता आणि धृतराष्ट्रही नव्हता. मला दिसलं होतं फक्त एवढंच की पत्ते त्याने पिसले. बाकीचं मी धरून चाललो. निदान 'यापुढे पिसणाऱ्याच्या डावीकडचा पत्ते काटेल' एवढं म्हटलं असतं, तरी कुणाचं नाव न घेता काम झालं असतं.

सुट्टीवरून आल्यावर मी तो हिशोब केला, जो आपण पेपरात मार्कांसाठी करतो. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येतात, त्यातल्या ट्रेल ५२. म्हणजे ४२५ हातांत एक. त्या रात्री साधारण १०० डाव झाले. एका ठरावीक माणसाला त्यात दोन किंवा जास्त ट्रेल लागायची शक्यता सुमारे २.३५ टक्के. ऐकायला संशयास्पद. पण मी काही आधीपासून त्याच्यावर लक्ष ठेवून नव्हतो, सहापैकी कुणालाही दोन लागल्या असत्या तरी मी तोच प्रश्न विचारला असता. सहांपैकी कुणाला तरी, असं धरलं की शक्यता १३ टक्क्यांवर जाते. अशा सात-आठ रात्री बसलो तर एकदा हे होणारच म्हणा ना. यावरून तो निर्दोष ठरत नाही हे मला कळतं. माझ्याकडे काहीच नव्हतं, एवढं मात्र ठरतं.

तो कागद घेऊन मी त्याच्या नव्या रूमवर गेलो. तो सबमिशनच्या शीट्स काढत होता. त्याने कागद घेतला, दोनदा वाचला, पेन्सिलने एका ओळीखाली रेघ मारली. "सहा जण धरलेस," तो म्हणाला. "साडेबाराला एक जण झोपायला गेला होता. त्यानंतर पाचच होतो."

मी त्याच्याच टेबलावर बसून परत केलं. १३ चे १२ झाले.