मुलाचे मन आजारी पडते तेव्हा : पालकांसाठी चार शब्द

बारावीपर्यंत हुशार म्हणून नावाजलेला मुलगा हळूहळू खोलीचे दार लावून बसू लागतो. मित्र दुरावतात, रात्रीची झोप उडते, आंघोळ-जेवणाचीही शुद्ध राहत नाही. पुढे तो सांगतो, की समोरच्या इमारतीतील माणसे आपल्याविषयीच बोलत असतात. आई-वडील दोघेही सकाळची लोकल गाठून रात्री परततात, अशी असंख्य घरे आपल्या डोंबिवलीत आहेत. तेथे या खुणा प्रथम आळस किंवा अभ्यासाचा ताण म्हणून पाहिल्या जातात. मग अंगारे-धुपारे होतात, 'लग्न झाले की सुधारेल' असा सल्लाही मिळतो. स्किझोफ्रेनियासारखे आजार बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतात. उपचारांना जितका विलंब, तितकी सुधारणा अवघड होते.

निदान झाल्यावर पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'आमचे कुठे चुकले?' एके काळी वैद्यकशास्त्रानेही हा दोष आईच्या पदरी टाकला होता. फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी 1948 मध्ये मांडलेली ती कल्पना पुढील संशोधनात टिकली नाही. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण आणि परिस्थितीचे आघात अशी अनेक कारणे एकत्र येऊन हा आजार उद्भवतो. पालकांनी अपराधीपणाचे ओझे वाहण्याचे कारण नाही.

तथापि, आजार पुन्हा उलटणे वा न उलटणे याच्याशी घरातील वातावरणाचा निकटचा संबंध आहे. ब्राउन, बर्ली व विंग या इंग्लंडमधील संशोधकांनी 1972 मध्ये हे दाखवून दिले. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होई, राग व्यक्त होई किंवा त्याची अतिरेकी काळजी केली जाई, तेथे आजार अधिक प्रमाणात उलटला.

यातून काही पथ्ये निघतात. मुलाला भास होत असतील तर वाद घालू नये आणि खोटा होकारही देऊ नये. 'मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतो आहे हे दिसते,' एवढे म्हणणे पुरे. बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कधीही धमकी समजू नये. त्याविषयी शांतपणे थेट विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये व तत्काळ उपचार मिळवावेत. धाकट्या भावंडांनाही त्यांच्या वयाला समजेल असे खरे सांगावे, आणि आई-वडिलांनी आळीपाळीने विश्रांती घ्यावी.

मदत दूर नाही. शेजारच्या ठाण्यात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेली 'आयपीएच' ही संस्थाही आहे. पत्नीच्या आजारपणाचा अनुभव घेतलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. 2004 मधील 'देवराई' या चित्रपटाने हा विषय मराठी घराघरांत नेला. 2022 पासून 14416 या क्रमांकावर 'टेली मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा विनामूल्य मिळते. 2018 मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठरा वर्षांखालील रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवणे व त्याच्यासोबत घरचे माणूस किंवा परिचारक असणे बंधनकारक आहे.

मधुमेहाच्या रुग्णाची विचारपूस आपण दारातच करतो, मनाच्या रुग्णाच्या घरी मात्र आवाज खाली येतो. तो संकोच दूर झाला, तर पालक वेळेवर दवाखान्याची पायरी चढतील. औषधांइतकेच कुटुंबाच्या समुपदेशनालाही उपचारांत स्थान मिळावे, हीच विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त या सर्वांना नम्र विनंती.