झाडांसाठी घरगुती एल.ई.डी. दिवा : कारागिरांनी काय पाहावे?



शहरात उन्हाचे तोंड न पाहिलेली घरे वाढत आहेत आणि त्या घरांत कुंड्या ठेवण्याची हौसही वाढत आहे. त्यामुळे झाडांना उजेड देणाऱ्या एल.ई.डी. दिव्यांचा नवा माल बाजारात आला आहे. हा दिवा सोल्डरिंग व वायरिंग जाणणारा कोणीही कारागीर घरी तयार करू शकतो. मात्र तो कशाच्या भरवशावर विकावा, हे आधी समजून घ्यावे.

बाजारातले बरेच दिवे जांभळे असतात. कारण असे की पानातील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते. ही गोष्ट खरी आहे. परंतु पांढरा एल.ई.डी. म्हणजे तरी काय? निळ्या चिपवर पिवळसर लेप चढवलेला असतो आणि त्यातून निळा, हिरवा, तांबडा असे सर्वच रंग बाहेर पडतात. (निळ्या एल.ई.डी.च्या शोधासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) हिरवा प्रकाश वाया जातो हा समजही चुकीचा आहे, तो पानांत खोलवर जातो व कामी येतो.

आम्ही कापडवाले रंगाचा तागा पारखताना तो दुकानाबाहेर उन्हात नेतो. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तागे उन्हात वेगळे निघतात, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. जांभळ्या दिव्याखाली झाडाचे तसेच होते. पान पिवळे पडू लागले, बुरशी आली किंवा मावा चढला तरी सर्व पाने काळपट दिसतात आणि रोग कळेपर्यंत झाड हातचे जाते. म्हणून घरगुती दिव्यासाठी साधा पांढरा प्रकाशच घ्यावा. पालेभाजी व रोपांना ४००० ते ६५०० केल्विनचा चालतो.

सर्वांत सोपा मार्ग असा : चार फूट लांब व एक फूट रुंद फळीवर २० वॅटच्या दोन तयार एल.ई.डी. बॅटन समांतर बसवाव्यात. म्हणजे चौरस फुटाला १० वॅट पडतात. मेथी, कोथिंबीर, रोपे यांचे एवढ्यात भागते. मिरची-टोमॅटोला फळ धरायचे तर दुप्पट-तिप्पट हवे. उंची पानांपासून १५ ते २० सेंटिमीटर ठेवावी. रोप बारीक व लांबुडके होऊ लागले तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. टायमर लावून रोज १२ ते १४ तास दिवा चालवावा. खोक्यावर लिहिलेल्या ल्युमेनवर जाऊ नये. ते माणसाच्या डोळ्याचे माप आहे, पानाचे नव्हे.

ज्याला पट्ट्या जोडून दिवा करायचा आहे त्याने २४ व्होल्टच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या चॅनेलवर चिकटवाव्यात. एल.ई.डी.चे आयुष्य उष्णता खाते. तासभर चालवून, वीज बंद करून चॅनेलला हात लावावा; बोट टिकत नसेल तर ॲल्युमिनियम अपुरे आहे. ड्रायव्हर भारापेक्षा मोठा हवा : पट्ट्या ३६ वॅटच्या असतील तर २४ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे ४८ वॅटचा घ्यावा. तो बी.आय.एस. नोंदणीची खूण असलेला असावा. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्वस्त चिप मिळतात. त्यांच्या उघड्या टाक्यांवर घरची वीज खेळत असते आणि खाली ओली कुंडी! त्या घेऊच नयेत. तीन पिनांचा प्लग लावून चॅनेलला अर्थ जोडावा, ड्रायव्हर कुंडीच्या वर व बाजूला ठेवावा. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा शिलाईच्या खोलीत हा दिवा असेल तर त्यावर बसणारी रुई आठवड्याला, वीज बंद करून, झटकावी. गरम ड्रायव्हरवर साचलेली रुई हे आगीला आमंत्रण आहे.

आता विक्रीचा हिशेब. ४० वॅट १४ तास चालले तर दिवसाला ०.५६ युनिट, महिन्याला सुमारे १७ युनिट. आपल्या बिलातील दराने गुणून पाहावे. बाजारातून कोथिंबिरीच्या जुड्या आणणे बहुधा स्वस्तच पडेल. तेव्हा "घरची भाजी फुकट" असे सांगून हा दिवा विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. खिडकी असेल तर कुंडी खिडकीत ठेवा, असे त्याला साफ सांगावे. खरे गिऱ्हाईक म्हणजे अंधाऱ्या कार्यालयात शोभेची झाडे ठेवणारा किंवा बंद खोलीत रोपे तयार करणारा.

वॅटचेही तसेच. खोक्यावर "१००० वॅट" छापलेले कित्येक दिवे प्रत्यक्षात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच वीज ओढतात. ४० मीटर छापून ४ मीटर कापड भरलेला तागा कोणता व्यापारी घेईल? प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर मिळतो. तो गिऱ्हाईकासमोर लावावा आणि जो आकडा दिसेल तोच पावतीवर लिहावा.