विशेष शाळेतील मदतनीस आणि तिचे चालू शिक्षण

विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिकेच्या खालोखाल मुलांच्या सहवासात असणारी व्यक्ती म्हणजे मदतनीस होय. मुले तिला मावशी किंवा ताई म्हणतात. मुलाला शौचास नेणे, भरवणे, चाकाच्या खुर्चीतून उतरवणे, चिडलेल्याला शांत करणे ही कामे तिच्याच वाट्याची. नेमणुकीच्या वेळी तिला पुष्कळदा दोन-चार दिवस माहिती दिली जाते आणि त्या शिदोरीवर पुढची अनेक वर्षे निघतात. ही शिदोरी पुरत नाही, हेच येथे सांगावयाचे आहे.

फिट येण्याचे उदाहरण घ्या. कांदा वा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे हे आपल्याकडे सर्रास चालते. खरे पाहता तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तातडीने दवाखाना गाठावा. पण वर्गात असा प्रसंग वर्षातून एखादाच येतो. एकदा ऐकलेले तोवर विसरले जाते व घाबरलेल्या हाताला जुनी सवयच आठवते. म्हणून अशा गोष्टींची उजळणी ठरावीक काळाने झालीच पाहिजे.

याहून अवघड भाग दुसराच आहे. मूल शर्टाच्या बटणाशी झगडत असते. मावशीचा जीव कळवळतो आणि ती बटण लावून टाकते. यात कुणाला काही वावगे दिसत नाही. मात्र मुलाची शिकण्याची संधी गेलेली असते. अमेरिकेत मायकेल जियानग्रेको व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, मदतनीस सतत चिकटून राहिली तर मूल वर्गमित्रांपासून तुटते, परावलंबी होते आणि शिक्षकही त्याची जबाबदारी तिच्यावर सोडून देतात. माया हा दोष नव्हे. पण मायेला अंतर शिकवावे लागते.

ते शिकवता येते. बटण घरातून जवळजवळ पूर्ण बाहेर काढावे आणि शेवटचा ओढा तेवढा मुलाकडे ठेवावा. तो जमला की त्याआधीची पायरी सोडावी. आधी हातावर हात, मग कोपराला नुसता स्पर्श, मग खूण, मग एखादा शब्द, असा आधार कमी करीत न्यावा. प्रत्येक वेळी मनात पाच अंक मोजून थांबावे. हे थांबणेच सर्वांत कठीण, असे म्हणावे लागेल!

ही गोष्ट व्याख्यानाने अंगवळणी पडत नाही. 1980 च्या सुमारास ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल मांडले की, ऐकणे व पाहणे यांबरोबर प्रत्यक्ष सराव आणि नंतर वर्गातच जाणत्याचे मार्गदर्शन मिळाले, तरच शिकलेले वापरात येते. मदतनिसांच्या बाबतीत वेगळे काय असणार?

भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार विशेष शिक्षकांची नोंदणी होते आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी त्यांना चालू शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. मावशी बहुधा या नोंदणीपटावर नसते. त्यामुळे तिच्या शिक्षणाची आठवण कुणाला होत नाही. वास्तविक दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 मध्ये समावेशक शिक्षणास साहाय्य करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास, एक मूल, एकच कृती: शिक्षिकेने करून दाखवावी, मावशीने करावी, मग दोघींनी बोलावे. हा अर्धा तास कामाच्या वेळेतलाच हवा. शाळा सुटल्यावर बिनपगारी थांबवून घेणे न्यायाचे नाही.

विशेष शिक्षणाची पदविका घेणाऱ्या विद्यार्थी मित्रांना एक सांगणे आहे. तुम्ही वर्गात जाल तेव्हा तेथील मावशी त्या मुलांना तुमच्या आधीपासून ओळखत असेल. तिची चूक दाखवण्यापूर्वी, मूल कशाने रडते आणि कशाने थांबते, हे तिला विचारा व वहीत लिहून घ्या.