आजी-आजोबांचा कळफलक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि आपण इथेच राहिलो. नल्लकुंटा, काचीगुडा, बरकतपुरा भागातील कितीतरी मराठी घरांचे सोयरे-धायरे आजही नांदेड, परभणी, लातूरकडे आहेत. पूर्वी ही नाती अंतर्देशीय पत्रांवर टिकली. आता फोन आहे, हे खरे. पण ज्यांना ऐकू कमी येते त्यांना लिहिलेलेच बरे पडते, आणि लिहिलेले पुन्हा वाचता येते.

आपले ज्येष्ठ मोबाईलवर लिहितातही, पण बहुधा इंग्रजी अक्षरांत. त्यात 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ' सारखेच दिसतात. नातवंडे ते वाचतात आणि 'ळ' विसरतात. हिंदी माध्यमात शिकलेल्या आम्हांला हे विशेष जाणवते. हिंदीचे ळवाचून अडत नाही, मराठीचे पान हलत नाही.

म्हणून संगणकावर थेट देवनागरीत लिहायला शिकावे, असे आम्ही सुचवतो. पूर्वी प्रत्येक फॉन्टची सांकेतिक व्यवस्था वेगळी असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पत्र उघडले की भलतीच चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक आहे. 'क'चा २३२५, 'ळ'चा २३५५. तोच क्रमांक पुण्यात, तोच अमेरिकेत.

टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक घ्यावा. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. 'के'च्या कळीवर क, शिफ्ट धरून तीच दाबली की ख. 'एन'वर ल, शिफ्टसह ळ. जोडाक्षरासाठी 'डी'वरचे हलंत चिन्ह. 'नमस्कार' सात कळांत होतो: न, म, स, हलंत, क, काना, र. बाराखडी घोटलेल्या पिढीला ही मांडणी परकी वाटत नाही. अडचण असते ती डोळ्यांची आणि कापऱ्या बोटांची. तेव्हा अक्षरे मोठी करून द्यावीत आणि रोज पंधराच मिनिटे बसावे.

विद्यार्थ्यांनो, यात तुमचाही फायदा आहे. इनस्क्रिप्टमध्ये जिथे मराठी क तिथेच तेलुगू क, आणि ळसुद्धा त्याच जागी. एकदा बोटे बसली की तेलुगूचा गृहपाठही टंकता येईल. तुम्ही आजोबांना विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबून भाषा बदलायला दाखवा. ऱ्हस्व-दीर्घ ते तुम्हांला सांगतील. मात्र माऊस त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका! ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी समजावा. पैशांची फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

विश्वस्त मंडळींना विनंती, की रविवारी सकाळी दोन तास शाळेची संगणक खोली आजी-आजोबांसाठी उघडी ठेवावी. कळफलकांवर मराठी व तेलुगू अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावाव्या लागतील. ते काम आठवीची मुले करतील.