पावसाळ्यातील सायकल आणि मडगार्ड

पावसाळ्यातील सकाळी शाळेच्या फाटकाशी दिसणारे दृश्य माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. आसपासच्या वाड्यांवरून सायकलने येणाऱ्या मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची एक उभी रेघ असे. एका वर्षी आठवीतील एक मुलगी पाऊस झाला की गैरहजर राहू लागली. विचारल्यावर तिने सांगितले, की गणवेश एकच आहे आणि मळकी पाठ सगळ्या वर्गाला दिसते. तिच्या सायकलीला मागचे मडगार्ड नव्हते. गैरहजेरीमागे इतके साधे कारण असेल, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. त्या अनुभवातून कार्यानुभवाच्या तासासाठी आम्ही जो पाठ तयार केला, तो येथे थोडक्यात देत आहोत.

चिखल पाठीवर कसा येतो?

फिरत्या चाकाला चिकटलेले पाणी सुटते, तेव्हा ते स्पर्शरेषेच्या दिशेने जाते. मागच्या चाकाच्या पाठीमागील कडेस ही दिशा सरळ वर असते. त्याहून थोडे वरून सुटलेले थेंब वर आणि पुढे, म्हणजे स्वाराकडे जातात. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर स्वाराच्या दृष्टीने थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे ४.२ मीटर असतो. हवेचा रोध सोडून दिला, तर सरळ वर उडालेला थेंब चाकाच्या आसापासून जवळजवळ ९० सेंटिमीटर चढतो. मोठ्या सायकलीचा आस जमिनीपासून सुमारे ३५ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे थेंब सव्वा मीटरवर पोहोचतो, आणि बसलेल्या स्वाराची पाठ तेथेच असते. ताशी २० किलोमीटर वेगाने तोच थेंब १.९ मीटरपर्यंत जाऊ शकतो, कारण उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घाई करणाऱ्याचे डोकेही मळते, ते यामुळेच. पुढच्या चाकाचा चिखल पावलांवर, पायडलवर आणि साखळीवर बसतो. साखळीत गेलेली माती वंगणात मिसळून दाते झिजवते.

आपली माती, आपले रस्ते

बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस एकंदरीत कमी. पण परतीच्या पावसात थोड्याच दिवसांत रस्ते चिखलाचे होतात. नीरा डाव्या कालव्याच्या भिजणाऱ्या पट्ट्यात पाऊस नसतानाही पाटाचे पाणी वाटेवर येते, आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या खोल होतात. म्हणून मुलांनी तीन प्रकारचे रस्ते ओळखावेत.

ओल्या डांबरी रस्त्यावर पाणी अधिक, माती कमी. येथे पूर्ण लांबीचे मडगार्ड उत्तम काम करते. माळावरच्या मुरमाड वाटेवर माती फारशी चिकटत नाही. मात्र खडे आणि हादरे यांमुळे मडगार्डच्या काड्यांचे बोल्ट सैल होतात. सुटलेली काडी पुढच्या चाकात गेली, तर चाक जागच्या जागी थांबून स्वार तोंडावर पडतो.

तिसरी वाट काळ्या रानातली. ही माती पाणी शोषून फुगते. पाऊस चालू असता ती पातळ आणि निसरडी असते. उघडीप पडून ती सुकू लागली की सर्वांत चिवट होते. अशा वेळी टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत ती ठासून बसते व चाक फिरेनासे होते. म्हणूनच कित्येक जण मडगार्ड काढूनच टाकतात. पण शेतवाट संपून डांबरी रस्ता लागला, की त्यांची पाठ भिजतेच.

काय करावे?

मडगार्ड काढू नये, फट वाढवावी. काळ्या मातीतून येणाऱ्या सायकलीत टायर आणि पत्रा यांमध्ये आडवी दोन बोटे सहज जावीत. जाड टायर बसवल्याने फट कमी झाली असेल, तर टायर बदलावा. चाक जड लागू लागताच उतरावे, हातभर काठीने चिखल काढावा आणि चिवट पट्टा सायकल हाती धरून पार करावा. जोर लावून पायडल मारू नये.

पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा दोन बोल्टांनी जोडावा. तो जमिनीपासून चार बोटे वर राहिला, तर पावले आणि साखळी बरीच कोरडी राहतात. आठवड्यातून एकदा सर्व बोल्ट पान्याने तपासावेत. घरी आल्यावर पत्र्याच्या आतील बाजूस साचलेली माती धुवावी. ओली माती पत्र्याला गंज आणते. नवी सायकल घेताना पालकांनी शोभेच्या आखूड प्लास्टिकवर समाधान मानू नये. मागचे मडगार्ड चाकाच्या माथ्यावरून मागे आसाच्या उंचीच्याही खाली उतरले पाहिजे.

१८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोक शेण व चिखल फेकीत. शाळेत गेल्यावर बदलण्यासाठी त्या जादा लुगडे बरोबर नेत. तो चिखल माणसांनी फेकलेला होता आणि त्याला उत्तर देण्यासाठी मोठे धैर्य लागले. आमच्या मुलांच्या पाठीवरचा चिखल चाक फेकते. त्याला एक पत्रा आणि चार बोल्ट पुरतात. तेवढ्यासाठी कोणाचाही वर्ग बुडू नये.

त्या मुलीच्या सायकलीला भंगारातून आणलेले मडगार्ड कार्यानुभवाच्या तासाला बसवले. पत्रा वर्गमित्रांनी सरळ केला, बोल्ट तिने स्वतः आवळले. पुढच्या पावसात ती वेळेवर आली. तिची पावले तेवढी मळलेली होती, कारण पुढचा ट्यूबचा तुकडा लावायचा राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी लावला.